स्मरणाबाहेरचे ऋण

शस्त्रक्रिया आटोपून घरी आलेल्या माणसाला भेटायला जाणे हा आपल्याकडचा जुना शिष्टाचार आहे. धाटावसारख्या गावात तो अद्याप निष्ठेने पाळला जातो. शहाळे, मोसंबी किंवा बिस्किटांचा पुडा घेऊन शेजारी येतात, खाटेच्या पायथ्याशी बसतात आणि रुग्ण आपली हकीकत सांगू लागतो. ही हकीकत आम्ही अनेक घरांत ऐकली आहे आणि तिचा घाट सहसा बदलत नाही. ‘हिरवा झगा घातला, आत नेले, डोक्यावर मोठा दिवा होता, हाताच्या शिरेत सुई टोचली, आणि डोळे उघडले तेव्हा मी वॉर्डात होतो.’ ऐकणारे मान डोलावतात. मग डॉक्टरांच्या हाताचे गुण गायिले जातात.

सुई टोचणे आणि डोळे उघडणे या दोन वाक्यांच्या मध्ये मात्र काही तास गेलेले असतात. रुग्णाच्या आयुष्यातील ते तास त्याच्या स्वतःच्या जमेस नसतात. सर्जनचे नाव घरातल्या लहान मुलालाही पाठ असते. भूलतज्ज्ञाचे नाव निदान कागदावर तरी असते. परंतु शस्त्रक्रिया संपल्यापासून शुद्ध येईपर्यंत जी परिचारिका उशाशी उभी होती, तिचे नाव कोणालाच ठाऊक नसते. तिचा चेहराही आठवत नाही, कारण पाहणारे डोळे तेव्हा मिटलेले होते. येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो आणि वाचकांपुढे तोच मांडावा असे आम्हांस वाटते. ज्याला काहीच कळत नाही, जो तक्रार करू शकत नाही आणि ज्याला पुढे काही आठवणारही नाही, अशा माणसाचे आपण काय देणे लागतो? आणि ज्या सेवेचे स्मरणच नाही, तिचे ऋण आपल्यावर असते काय?

प्रथम त्या तासात काय घडते ते पाहू. शस्त्रक्रिया संपली म्हणजे संकट टळले, अशी बाहेर बाकावर बसलेल्या नातलगांची समजूत असते. वस्तुतः एक संकट संपून दुसऱ्याची वेळ सुरू झालेली असते. भुलेच्या औषधांनी स्नायू सैल पडलेले असतात. उताण्या निजलेल्या माणसाची जीभ मागे घसरून श्वासाची वाट अडवू शकते. उलटी झाली आणि गिळण्या-खोकण्याची शक्ती परतलेली नसली, तर पोटातले फुप्फुसात जाते. वेदना शमविणारी औषधे श्वासाचा वेग मंद करतात. वरून पट्टी कोरडी दिसत असताना आत रक्तस्राव चालू असू शकतो आणि त्याची पहिली खूण वाढलेली नाडी, घसरणारा रक्तदाब किंवा फिकट पडलेले ओठ एवढीच असते. अंगात हुडहुडी भरते. कमरेतून भूल दिली असेल तर पाय बधिर असतात. अशा पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवली तर कातडी भाजेल, तरी रुग्णास समजणार नाही.

म्हणून परिचारिका मान किंचित मागे करून हनुवटी उचलून धरते, गरज दिसल्यास रुग्णास कुशीवर वळविते, ऑक्सिजनचा मास्क नीट बसविते, दर काही मिनिटांनी नाडी, रक्तदाब आणि श्वास मोजून लिहिते, पट्टी पाहते, लघवीची पिशवी पाहते, पलंगाचे कठडे वर करते. आणि ती रुग्णाला नावाने हाक मारते. उत्तर येत नसतानाही मारते. ‘ऑपरेशन झाले हं, डोळे उघडा, दीर्घ श्वास घ्या,’ हे तिचे शब्द रुग्णाच्या स्मरणात उरत नाहीत. परंतु कित्येकदा त्याच हाकेला त्याची पापणी प्रथम हलते.

या तासाचे महत्त्व जगाला उशिरा कळले. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेत बोस्टनच्या रुग्णालयात मॉर्टन यांनी ईथरची भूल देऊन दाखविली आणि १८४७ च्या मार्चमध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात ईथर वापरले गेले. माणसाने वेदनेवर मिळविलेला तो विजय होता. परंतु वेदना गेली, तिच्याबरोबर वेदनेची ओरडही गेली आणि संकटात असलेला माणूस मुका झाला. जानेवारी १८४८ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाचे नख काढण्यासाठी दिलेल्या क्लोरोफॉर्मखाली दगावली. तिच्या मृत्यूच्या कारणाविषयी वाद झाला. क्लोरोफॉर्मचा वापर रूढ करणारे सिम्प्सन यांचे म्हणणे असे, की तिला शुद्धीवर आणण्यासाठी तोंडात घातलेले पाणी आणि ब्रँडी यांनीच तिचा श्वास कोंडला. कारण काहीही असो, बेशुद्ध माणसाच्या ओठांशी प्रेमाने लावलेला पेलाही घातक ठरू शकतो, हा धडा तेव्हापासून वैद्यकासमोर आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६३ मधील आपल्या रुग्णालयविषयक ग्रंथात लहान रुग्णालयांतील अशा खोलीचा उल्लेख केला आहे, की जी शस्त्रक्रियागृहाला लागून असे आणि जेथे शस्त्रक्रियेचा पहिला परिणाम ओसरेपर्यंत रुग्णास ठेवीत. तथापि अशा खोल्या सर्वत्र रूढ व्हायला दुसरे महायुद्ध उलटावे लागले. १९४७ मध्ये फिलाडेल्फिया येथील अभ्यासगटाने शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या चोवीस तासांतील मृत्यूंची अकरा वर्षांची छाननी प्रसिद्ध केली. त्यांपैकी जवळजवळ निम्मे मृत्यू टाळता आले असते, असा तिचा निष्कर्ष होता. पुढे १९७० मध्ये डॉ. अल्ड्रेटे यांनी एक साधी गुणपद्धती दिली. हातपाय हलविणे, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध आणि त्वचेचा वर्ण या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण द्यावयाचे. दहापैकी नऊ झाले म्हणजे रुग्ण वॉर्डात पाठविण्यास योग्य. नंतर त्वचेच्या वर्णाची जागा रक्तातील प्राणवायूच्या मापनाने घेतली. ते मापन करणारा, बोटाला लावावयाचा चिमटा जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये शोधलेल्या तत्त्वावर चालतो. २०२० च्या कोरोनाच्या साथीत तो आपल्या घराघरांत येऊन पोचला.

यंत्रे आली ही चांगली गोष्ट झाली. परंतु यंत्र घंटा वाजविते. ती ऐकून उठणारे कोणीतरी लागते. ही गोष्ट धाटावच्या लोकांना समजावून सांगावी लागत नाही. कुंडलिकेच्या खोऱ्यातील या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत आणि आपल्यापैकी कित्येकांनी तेथे तिसरी पाळी केली आहे. रात्री दोन वाजता रिॲक्टरच्या तापमानाच्या आणि दाबाच्या आकड्यांवर नजर ठेवून बसलेल्या माणसाचे काम कसले असते? काही घडू नये, हेच त्याचे काम. सकाळी पाळी सुटते तेव्हा त्याच्याजवळ सांगण्यासारखी बातमी नसते, आणि ती नसणे हेच त्याचे यश. गाव रात्रभर निश्चिंत झोपले आणि आपण कोणाच्या जागरणावर झोपलो, हे गावाला ठाऊकही नसते. परिचारिकेचे काम याच जातीचे आहे. जो अपघात टळला, तो कोणाला दिसत नाही. वेळीच उचललेल्या हनुवटीची बातमी होत नाही.

मात्र दोहोंत एक मोठा भेद आहे. रिॲक्टर ही वस्तू आहे. ट्रॉलीवर निजलेला तो माणूस आहे. हे वाक्य स्वयंसिद्ध वाटेल, पण विचारवंतांनी त्यावर पुष्कळ खल केला आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉन लॉक यांनी असा विचार मांडला, की जाणिवेचे आणि स्मृतीचे सातत्य हीच व्यक्तीची ओळख. आज या मताचे वजन मोठे आहे. परंतु हा विचार शेवटास नेला, तर भुलेखाली असलेल्या त्या तासापुरती ट्रॉलीवर व्यक्तीच नाही, केवळ एक देह आहे, असे म्हणण्याची पाळी येते. याउलट सहाव्या शतकातील बोएथियस यांनी दिलेली आणि पुढे संत थॉमस अक्वायनस यांनी स्वीकारलेली व्याख्या व्यक्तित्व स्वभावात पाहते, त्या स्वभावाच्या त्या क्षणीच्या वापरात नव्हे. विवेक ज्याच्या स्वभावात आहे, तो झोपला म्हणून व्यक्ती असण्याचे थांबत नाही. गवई गात नसतानाही गवईच असतो. सेमिनरीत हे आम्ही शिकलो. रुग्णालयांच्या खाटांशेजारी ते पटले.

आपल्या देशातील वेदान्तानेही हा प्रश्न आपल्या रीतीने हाताळला आहे. जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती अशा अवस्था सांगून तो विचारतो, की गाढ झोपेतून उठलेला माणूस ‘मला छान झोप लागली, काही कळले नाही’ असे कशाच्या आधारावर म्हणतो? काही न कळण्याचा सुद्धा कोणी साक्षी आत असलाच पाहिजे. युक्तिवाद सुंदर आहे. परंतु भूल उतरलेल्या माणसाकडे एवढीही साक्ष नसते. त्याला झोप लागल्याचे सुख आठवत नाही, वेळ गेल्याचे भान नसते. घड्याळाचा काटा मध्येच उडी मारून पुढे गेल्यासारखे त्याला वाटते. त्या तासाचा माणसाच्या भाषेत सांगता येईल असा साक्षी रुग्णाच्या आत नसतो. तो त्याच्या उशाशी, पांढऱ्या गणवेशात उभा असतो. त्या तासाची स्मृती रुग्णाच्या मेंदूत नसते. ती परिचारिकेने भरलेल्या तक्त्यावर असते. दहा वाजून पाच मिनिटे, दहा वाजून दहा मिनिटे, अशा ओळींनी तिने ती लिहून ठेवलेली असते. आपल्या आयुष्याचा एक तुकडा कोणीतरी दुसऱ्याने आपल्यासाठी जगून ठेवावा, याहून मोठी ठेव कोणती?

म्हणूनच त्या तासात रुग्णाशी कसे वागले जाते, हा शिष्टाचाराचा विषय नाही, न्यायाचा आहे. त्याचे अंग झाकलेले असावे, त्याच्या देहावरून विनोद होऊ नये, ‘सात नंबरचा हर्निया’ असे न म्हणता त्याचे नाव घेतले जावे. ‘त्याला कुठे कळते आहे!’ हे वाक्य बेशुद्ध माणसाबद्दल सर्वांत सोपे आणि सर्वांत धोक्याचे आहे. ज्याला कळते त्याच्याशी आपण भीतीपोटी, लाजेपोटी किंवा उपकाराच्या आशेनेही नीट वागतो. ज्याला कळत नाही त्याच्याशी आपण कसे वागतो, यावरून आपल्या चांगुलपणाचा खरा कस लागतो. तेथे टाळी नाही आणि शिक्षाही नाही. तेथे केवळ समोरचा माणूस आहे.

हा तास लांबला तर काय? याचे उत्तर मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांनी दिले आहे. त्यांची सहकारी अरुणा शानबाग हिच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी झालेल्या अमानुष हल्ल्यात तिच्या मेंदूचा प्राणवायू तुटला. १८ मे २०१५ रोजी ती वारली. मधली एकेचाळीस वर्षे आणि काही महिने तिला त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी न्हाऊ घातले, भरविले, कुशीवर वळविले. पिढ्या निवृत्त झाल्या. जिने अरुणाला चालताबोलताना कधी पाहिले नव्हते, तिनेही ते काम पुढे चालविले. तिचे अन्न बंद करण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही तिच्या अंगावर एकही शय्याव्रण नाही, हे त्या निकालात नमूद आहे. कायद्याच्या बाजूने तेव्हा आणि पुढे पुष्कळ चर्चा झाली. आम्हांस त्या एका नोंदीपाशी थांबावेसे वाटते. शय्याव्रण नसणे ही सुद्धा न घडलेली गोष्ट आहे. तिच्यामागे हजारो वेळा कुशी बदलणारे हात आहेत.

येथे एक आक्षेप रास्त आहे. परिचारिकेला पगार मिळतो. मग तिच्या कर्तव्याला एवढे गौरवाचे वळण का द्यावे? उत्तर असे, की पगाराने वेळ विकत घेता येतो, अवधान घेता येत नाही. आठ तास खुर्चीवर बसणे आणि आठ तास पाहणे यांतील अंतर कोणत्याही हजेरीपटावर दिसत नाही. परंतु या उत्तराचा दुरुपयोगही होतो, आणि त्याविषयी आम्ही अधिक सावध आहोत. ‘ही तर सेवा आहे, हे तर व्रत आहे’ असे म्हणून तिच्या हाती तुटपुंजे वेतन ठेवायचे आणि एका रात्रीत एकीकडे पेलवणार नाहीत इतके रुग्ण सोपवायचे, हा त्या व्रताचा अपमान आहे. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या स्थितीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तज्ज्ञ समिती नेमण्याचा आदेश दिला. पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा किमान २०,००० रुपये मिळावेत, अशी त्या समितीची शिफारस होती. देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला एवढ्यासाठी लक्ष घालावे लागले, यातच परिस्थितीची कल्पना येते.

दयाळू शोमरोन्याचा दृष्टान्त आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यातील दोन बारकावे या विषयाशी जुळतात. वाटेवर पडलेला तो माणूस अर्धमेला होता. त्याच्या जखमांना तेल कोणी लावले, त्याला जनावरावर कोणी घातले, हे बहुधा त्याला कळलेही नसेल. आणि शोमरोनी दुसऱ्या दिवशी निघाला तेव्हा त्याने पुढची देखभाल खाणावळवाल्यावर सोपविली, त्यासाठी दोन नाणी मोजली आणि अधिक खर्च झाला तर परत येताना देईन, असे सांगितले. ज्याच्या करुणेचा आदर्श आपल्यापुढे ठेवला आहे, त्याने देखभालीचे मोल पैशाने चुकते केले. करुणा आणि मोबदला यांत त्याला विरोध दिसला नाही. आपणही तो मानू नये.

हे ऋण फेडायचे कसे? त्या परिचारिकेला आपण बहुधा पुन्हा भेटणार नाही. परंतु काही गोष्टी आपल्या हातांत आहेत. रुग्ण अर्धवट शुद्धीत पाणी मागतो आणि आईचा जीव कळवळतो. सिस्टरची पाठ वळताच पेला किंवा चहाचा घोट तोंडाला लावला जातो. हे करू नये. ‘सिस्टर निर्दय आहेत’ असे त्या वेळी वाटते, पण त्या नकारामागे हॅना ग्रीनरपासूनचा दीडशे वर्षांहून अधिक अनुभव उभा आहे. वृद्ध माणसे भुलेनंतर कधीकधी भ्रमिष्टासारखी वागतात, मुलालाही ओळखत नाहीत. अशा वेळी रागावू नये; त्यांचा चष्मा, कानाचे यंत्र जवळ द्यावे आणि ओळखीच्या आवाजाने हळू बोलावे. शस्त्रक्रियेपूर्वी खर्चाची चौकशी आपण करतोच. तिच्यासोबत ‘भूल उतरेपर्यंत रुग्णाजवळ कोण असेल? ती व्यक्ती प्रशिक्षित आहे का?’ हेही निःसंकोच विचारावे. जो समाज हा प्रश्न विचारतो, त्याच्या रुग्णालयात ती जागा रिकामी राहणे अवघड होते.

शिवाय आता लहानसहान शस्त्रक्रियांनंतर रुग्णाला त्याच दिवशी घरी पाठवितात. भुलेच्या औषधांचा अंमल पूर्ण उतरलेला नसतो. म्हणून चोवीस तास त्याने वाहन चालवू नये, यंत्रावर काम करू नये, महत्त्वाच्या कागदावर सही करू नये आणि त्याच्याजवळ जबाबदार माणूस असावे, असा नियम आहे. म्हणजे रुग्णालयातील राखण घराच्या उंबरठ्यावर आपल्या हाती सोपविली जाते. रोह्याहून धाटावला येताना त्याला मोटारसायकलवर मागे बसवून आणले आणि घरात एकटे निजवून आपण पाळीवर गेलो, तर ती राखण मध्येच सोडून दिल्यासारखे होईल. ज्या जागरणाचा लाभ आपल्याला न कळता मिळाला, त्याची एक रात्र आपण दुसऱ्यासाठी करावी. स्मरणाबाहेरचे ऋण याच मार्गाने फिटते. ज्याच्याकडून मिळाले त्याला परत करता येत नाही, ते पुढच्याला द्यावे लागते.

आपल्याकडे परिचारिकेला ‘सिस्टर’ म्हणतात. धर्मभगिनींनी चालविलेल्या रुग्णालयांतून ही हाक आली आणि सर्व धर्मांच्या लोकांच्या तोंडी रुळली. पुरुष परिचारकाला ‘ब्रदर’ म्हणतात. आपल्या कित्येक कुटुंबांतील मुली याच हाकेला ओ देत मुंबईत, पनवेलला किंवा आखाती देशांत रात्रपाळ्या करीत आहेत. दिवसा त्या झोपलेल्या दिसल्या तर घरातला टीव्ही बारीक करावा. रविवारच्या मिस्सेत आजाऱ्यांसाठी आणि डॉक्टरांसाठी आपण प्रार्थना करतोच. त्या यादीत आणखी एक ओळ असावी, अशी आम्ही धर्मग्रामातील कुटुंबांना विनंती करतो: जे आज रात्री दुसऱ्याच्या उशाशी जागे आहेत आणि ज्यांची नावे उद्या कोणाला आठवणार नाहीत, त्यांच्यासाठी.